मोठ्या जावेच्या उवा

धाकटीने फणी ओढली आणि मांडीवरच्या कागदावर झटकली. एक टपोरी ऊ पाठीवर पडून पाय हलवू लागली. धाकटीने ती दोन नखांमध्ये चिरडली. नखाला रक्ताचा ठिपका लागला, तो तिने कागदाच्या कडेला पुसला.

"सापडली?" मोठ्या जाऊबाईंनी खाली घातलेली मान न उचलता विचारलं.

"सापडली."

"चांगली पोसलेली असणार. रात्रभर फिरत होती."

"आधीच सांगायचं ना. खाली घरभर पसरल्या असत्या म्हणजे?"

"खाली कशा पसरतील? जिना चढून वर येतं कोण?"

थोरले दीर गेल्यापासून जाऊबाई वरच्या खोलीत एकट्या असत. जेवणाचं ताट शेवटच्या पायरीवर ठेवायचं, रिकामं तिथूनच उचलायचं. एकदा ताट ठेवताना दार उघडं होतं, आणि जाऊबाई रक्त येईस्तोवर डोकं खाजवताना दिसल्या. तेव्हापासून धाकटी रोज दुपारी नाकाला फडकं आणि डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून वर येत होती.

मानेवरचे केस पिवळट, चिकट. कानामागे खपल्या. आंबलेल्या उशीचा वास फडक्यातूनही यायचा. पण खरी शिसारी यायची ती वेगळ्याच गोष्टीची. फणी फिरू लागली की जाऊबाईंचे डोळे मिटत, ओठ सुटत, कोपऱ्यात लाळ जमे आणि घशातून बारीक हुंकार निघे. एवढ्या वयाच्या बाईने असं सुखावावं? उवा परवडल्या, पण हे नको, असं धाकटीला होई.

तिने पुन्हा फणी घातली. कानामागे, भांगात, मानेवर. कागद कोराच राहिला. लिखाही नव्हत्या.

"झालं. ही शेवटचीच."

"मागच्या बाजूला बघितलंस?"

"बघितलं."

"नीट?"

"नाहीत आता, जाऊबाई. सुटलात."

"तू सुटलीस म्हण," जाऊबाई म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. मान तशीच वाकलेली, फणीची वाट बघत असल्यासारखी.

धाकटीने कागदाची घडी केली. फडकं सोडलं, पिशवी काढली. घामाने केस टाळूला चिकटले होते. रोज खाली गेल्यावर ती आरशापुढे आपलं डोकं चाळून बघायची. आजवर एकही निघाली नव्हती. आताही जायचं होतं. खाली नवरा होता, दोन्ही मुलं होती, ज्याच्या त्याच्या दाराआड. कुणीतरी आतूनच विचारलं असतं, चहा झाला का.

आपल्या डोक्यावरून कुणाचा हात कधी फिरला होता, हे ती आठवू लागली. आठवेना. फणी अजून हातातच होती.

ती जिन्याकडे गेली नाही. जाऊबाईंच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि फणी मागे धरली.

"कालपासून माझंही खाजतंय. बघता जरा?"

जाऊबाईंची बोटं गार होती. त्यांनी फणी बाजूला ठेवली आणि एकेक बट वेगळी करत बराच वेळ बघितलं.

"आहेत का?"

"आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "पुष्कळ आहेत. हलू नकोस."