गॉट्सच्या शेतातली कुपी

या, जरा पुढं सरकून बसा. तीर्थाची गोष्ट सांगतो. देव आपला नाही, गाव आपलं नाही, पण तीर्थ म्हटलं की हात आपोआप पुढं होतो, म्हणून सांगतो.

इंग्लंडातल्या नॉरफकात विल्फ गॅरड नावाचा एक माणूस. बिटाच्या साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं तो गॉट्स नावाच्या शेतकऱ्याच्या एकाच शेतात मेटल डिटेक्टर फिरवत होता. नांगरट झाली की विल्फ शेतात, पेरणी झाली की बांधावर. यंत्र कुंई करायचं, विल्फ गुडघे टेकून वीतभर खणायचा. नाणं, बटण, बक्कल, जे निघेल त्याची जागा पावलांनी मोजून वहीत मांडायचा. शिसं तेवढं मांडायचा नाही. शिसं म्हणजे भंगार. ते थेट बादलीत, आणि बादली भरली की रेज थर्टलच्या दारात. रेज मासे धरणारा. शनिवारी दुपारी शेडमध्ये शिसं वितळवून तो गळाची वजनं ओतायचा. तिकडं सगळेच असं करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

विल्फला ध्यास एकच: हे शेत पूर्वी काय होतं? देऊळ? गाव? गॉट्स म्हणायचा, "शेत होतं, विल्फ. आधीपण शेतच होतं. उगाच कशाला डोकं शिणवतोस?"

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी गावच्या हॉलमध्ये संग्रहालयाच्या इझोबेल केचपोल बाई आल्या. लोकांना सापडलेल्या वस्तू ओळखून द्यायच्या, हे त्यांचं काम. विल्फनं आपला तंबाखूचा डबा टेबलावर उपडा केला. बारा वर्षांत ज्यांना नाव मिळालं नव्हतं, त्या सगळ्या वस्तू त्यात होत्या.

"हे पडद्याच्या काठात शिवायचं वजन," बाई एकेक वस्तू बाजूला सारत म्हणाल्या. "हे दूध काढायच्या यंत्राचं टोपण. आणि हे... मिस्टर गॅरड, हा तुमच्याच डिटेक्टरचा स्क्रू आहे."

मागच्या रांगेत हशा पिकला. विल्फचे कान लाल झाले. डब्यातून शेवटी शिशाचा एक चेपलेला गोळा निघाला. तो चुकून आला होता.

"ते राहू द्या पोरी, भंगार आहे," म्हणत विल्फनं हात पुढं केला.

"थांबा." बाईंनी भिंग लावलं. गोळा उलटसुलट फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "ही कुपी आहे. पाचशे वर्षांची तरी असेल. यात्रेला गेलेली माणसं हिच्यात तीर्थ भरून तोंड दाबून बंद करायची. घरी आली की ते शेतात शिंपडायची, पीक यावं म्हणून. निदान आम्हाला तरी असं वाटतं."

"म्हणजे गॉट्सच्या शेतात तीर्थ शिंपडलं होतं?"

"एकीवरून नाही सांगता येत. कुणाच्या तरी पिशवीतून पडली असेल. त्याच शेतात आणखी मिळाल्या, तर नोंदीत लिहिता येईल."

"मला सहासात तरी मिळाल्यात."

"कुठं आहेत?"

विल्फनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तीनला दहा कमी. वार शनिवार. टोपी आणि अर्धा चहा तिथंच टाकून तो उठला आणि गुडघेदुखी विसरून पळाला.

शेडमध्ये रेज हातात पळी घेऊन उभा होता. भांड्यात शिसं चकाकत होतं.

"रेज, पळी खाली ठेव!"

"का? पोलीस आलेत?"

"माझं शिसं परत दे."

"बारा वर्षं फुकट देतोस आणि आज परत मागतोस? तुझी बायको तुझ्याबद्दल सांगते ते खोटं नाही म्हणायचं."

विल्फनं बादली वर्तमानपत्रावर ओतली. तळाशी थोडंच उरलं होतं. पाइपाचे तुकडे, छपराची पट्टी, खिडकीची काच धरणारी पट्टी. आणि एक कुपी. हिचं तोंड फाटलेलं होतं, फाटल्या कडेला दोन खाचा.

"पाचशे वर्षांपूर्वीची तीर्थाची कुपी आहे ही. फावड्याचा मार बसला असेल," विल्फ हिरमुसून म्हणाला.

रेजनं चष्मा चढवला. कुपी उजेडाकडे धरली.

"फावडं कसलं! दात आहेत हे. शिशाचे बारीक छर्रे गळाच्या दोरीला बसवताना मी दातानंच दाबतो, अश्शाच खाचा पडतात. बायको रोज ओरडते." त्यानं खाच अंगठ्यानं चाचपली. "हे दातानं फाडलंय कुणीतरी. हात मोकळा नसेल."

मग विल्फ कशासाठी धावत आला, ते त्याच्या ध्यानात आलं. त्याची नजर साच्याशेजारी मांडलेल्या चौदा चकचकीत वजनांकडे गेली.

"विल्फ... बाकीच्या यात गेल्या काय रे?"

"आणून मीच दिल्या."

दोघांनी स्टोव्ह बंद केला.

बाईंनी नोंद केली: एकाच शेतातून दोन कुप्या, एक दातानं उघडलेली, बाकीच्या शोधणाऱ्याच्या आठवणीवरून. तेव्हापासून विल्फ शिशाचीही जागा मांडतो. गॉट्सला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे शेतच होतं. मी काय सांगत होतो?" त्या चौदा वजनांचं म्हणाल, तर रेजनं ती वापरली. एकेक करत पाण्यातच गेली.

मंडळी, विल्फला विसरलात तरी चालेल. पण पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी पायी दूरवर गेलं, बोटभर तीर्थ घेऊन आलं, बांधावर उभं राहून दातानं शिसं फाडलं आणि ते ढेकळांवर शिंपडलं. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. घरी गेल्यावर ताटावर बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी त्याची आठवण काढा.