न्याकिबालेच्या चढणीवरचा मागचा टायर

मित्रांनो, मी मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा एक जुना टायर आहे. गाडी वळते ती पुढच्या चाकाच्या इशाऱ्यावर, पण माणसाचे आणि सामानाचे ओझे आम्ही मागचे वाहतो. म्हणून झिजतोही आम्हीच आधी.

माझा जन्म तापलेल्या साच्यात झाला. मऊ काळे रबर आत गेले आणि अंगभर जाड ठोकळे घेऊन मी बाहेर पडलो. मग समुद्र, मग ट्रक, आणि शेवटी काबालेच्या बाजारात रुहिंदाच्या दुकानातला एक खिळा. त्या खिळ्यावर मी सात महिने टांगलेला होतो. मोटरसायकलवरून प्रवासी नेणारे बोडावाले यायचे, माझ्याकडे बघायचे आणि शेजारचा बारीक खाचांचा टायर घेऊन जायचे. तो डांबरावर माझ्या दुप्पट टिकतो.

एके दिवशी कोमुहांगी आली. ती दवाखान्यातली नर्स. डोंगरावरच्या वस्त्यांत मोटरसायकलने जाऊन मुलांना लस टोचणे हे तिचे काम. तिने माझ्या ठोकळ्यांमध्ये बोट घालून पाहिले.

"सिस्टर, हा नका घेऊ," रुहिंदा म्हणाला. "तुमचा अर्धा रस्ता डांबरी. वर्षाच्या आत गोटा होईल याचा. मग मलाच शिव्या घालाल."

"आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर तुम्ही येणार का गाडी ढकलायला?"

"माझे गुडघे बघितलेत का, सिस्टर?"

"मग हाच द्या. झिजला तर झिजला. चढणीवर मागे घसरायला नको."

मित्रांनो, सात महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाला तरी हवा होतो.

कोमुहांगीने मला नीट वागवले. हवा जास्त झाली की आमचा मधला पट्टा झिजतो, कमी पडली की कडा जातात. म्हणून दर सोमवारी निघण्याआधी ती हवा तपासायची. मग काडेपेटीतली काडी माझ्या खाचेत उभी धरायची. सुरुवातीला काडीचे गुल पार बुडून जायचे. पुढे ते थोडे थोडे वर दिसू लागले. डांबरावर सरळ धावून माझा मधला भाग सपाट होत चालला होता. कडेचे ठोकळे मात्र अजून धारदार होते.

नवव्या महिन्यात न्याकिबाले वस्तीत गोवर शिरला. एक मूल दगावले होते. कोमुहांगी बर्फाच्या डब्यात लस घेऊन निघाली, आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. तिथे छपराखाली चार बोडावाले बुशेरा, म्हणजे ज्वारीची आंबील, पीत बसले होते.

"परत फिरा, सिस्टर," त्यांतला म्हातारा म्हणाला. "वर नुसतं लोणी झालंय. आम्ही नाही जात, तुम्ही कुठे निघालात?"

"बर्फ संध्याकाळपर्यंतच टिकतो, बाबा. आणि उद्या यायचं म्हटलं तरी गोवर काही माझ्यासाठी थांबत नाही."

ती खाली वाकली आणि तिने माझी थोडी हवा सोडली. मी पसरलो, माझ्या कडा जमिनीला टेकल्या. मग आम्ही चढू लागलो. लाल चिखल माझ्या खाचांत भरत होता, मी तो मागे फेकत होतो. दोनदा मी जागच्या जागी फिरलो. दोन्ही वेळा तिने पाय टेकले, शिवी गिळली आणि पुन्हा हळूच गती दिली. बटाट्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांतून बायका उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्या वळणावर माझ्या कडेच्या ठोकळ्यांना एक दगड सापडला. मी तो सोडला नाही.

त्या दिवशी एकेचाळीस मुलांना लस मिळाली.

उतरल्यावर तिने पंपाने हवा भरली आणि आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. मित्रांनो, माझी लाज मला तिथे कळली. ओल्या वळणावर तिने ब्रेक दाबला आणि माझ्या गुळगुळीत मधल्या भागाला रस्ता धरता आला नाही. ती पडली. कोपर सोलवटले, एवढ्यावर निभावले. समोरून ट्रक येत असता तर?

कोमुहांगी उठली, तशीच रुहिंदाच्या दुकानात गेली.

"असाच दुसरा द्या."

"अहो, कडा बघा याच्या. अजून दोन महिने आरामात जाईल."

"मी कडेवर नाही चालवत, रुहिंदाभाऊ."

त्याने मला उतरवून कोपऱ्यात ठेवले. "राहू दे इथेच. तापलेल्या पात्याने मधे नव्या खाचा कोरतो. एखादा गरीब बोडावाला स्वस्तात नेईल."

"त्या गरिबाच्या मागे बाई बसेल ना एखादी? मूल घेऊन?"

रुहिंदाने माझ्या सपाट पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"चाकू द्या," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले, मग चाकू दिला. तिने मला गुडघ्याखाली दाबले आणि माझी बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली. रबर जाड होते. तिला तीनदा जोर लावावा लागला, आणि सोललेल्या कोपरातून पुन्हा रक्त आले. मला वाईट वाटले नाही. मी कुणाला पाडावे यापेक्षा हे बरे.

मित्रांनो, झिजणे हे आमचे कामच आहे. त्याची कीव करू नका. आमच्या खाचा वेळेवर बघत जा. आणि आमचे आयुष्य सरले की ते सरले असे माना. वर खाचा कोरून, स्वस्तात मिळाला म्हणून, आम्हाला कुणाच्या बापाच्या किंवा लेकीच्या गाडीला पुन्हा लावू नका.