तुरटीचं पाणी

सत्यशीलाबाईंनी पिशवीच्या तळातून तुरटीचा खडा काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला.

"हे, अन् कडुनिंबाचा पाला. फवारलेल्या वावरातून कापूस वेचून येते सून, अंगाले जहर लागते. आतून-बाहेरून सारं धुवाले दररोज मीच पाणी उकळून देतो तिले."

शेजारी दीपा मान खाली घालून बसली होती. दोनदा तिसरा महिना लागायच्या आत तिचं पोटातलं गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते.

"आजी, बाहेरून साध्या पाण्यानं धुवा. आत काहीच नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भपिशवीच्या वाटेत चांगले जंतू राहतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते जागा जराशी आंबट ठेवतात, म्हणून वाईट जंतू माजत नाहीत. तुरटीनं चांगलेच मरतात. वाईट माजले, की कधीकधी गर्भ टिकत नाही."

"म्हंजे मागचे दोन्ही..."

"ते ठामपणे नाही सांगता येत. दुसरीही कारणं असतात." त्यांनी समोरचा तपासणीचा कागद पुन्हा वाचला. "मागच्या खेपेला वाईटच जंतू निघाले होते. आज मात्र चांगले आहेत. रोज धुऊनही! नवल आहे. आणि बाळाचे ठोके दिसताहेत."

सत्यशीलाबाईंनी खडा उचलला नाही.

परतीच्या बसनं वणीचे कोळशाचे ट्रक मागे टाकले. सत्यशीलाबाईंचे हात मांडीवर उताणे पडून होते.

"आत्याबाई," दीपा खिडकीकडे पाहत म्हणाली, "राग नोका धरू. या खेपी म्या थे पाणी वापरलंच नाही. लय आग व्हाये. मोरीत ओतून देत होती. तुमाले आवाज यावा म्हणून हळूहळू."

"कवापासून?"

"वेचणी लागली तवापासून."

"अन् मी दाराबाहेर उभी राहून आयकत होती! म्हणलं, सून मोठी गुणाची, सांगतलेलं सारं करते."

त्यांना हसू फुटलं. पदर तोंडावर धरला तरी थांबेना. समोरच्या सीटवरची बाई वळून पाहू लागली, तोवर त्या त्याच पदरानं डोळे पुसत होत्या.

मुकुटबनचा थांबा आला. त्यांचं गाव अजून पुढे होतं, पण सत्यशीलाबाई उठल्या.

"इथं कुठं उतरता?"

"शीलाकडं. माह्या लेकीचंही दोनदा गेलं, तुले ठावं हाय. परवा निरोप आला, तिले दुसरा महिना लागला."

"मंग उद्या जा ना. दमल्या तुमी."

"उद्या नाही." दांडी धरून त्या दाराकडे सरकल्या. "तिलेही पाणी म्याच शिकवलं. अन् थे तुह्यावानी लबाड नाही वं. आईचं सारं आयकते."