इथं त्या नावाचं कोणी राहत नाही

ही गोष्ट दोन हजार चार सालची. त्या उन्हाळ्यात कॅन्ससमध्ये कायदा झाला, की इथंच शाळा शिकलेल्या बिनकागदाच्या, म्हणजे परवान्याविना देशात आलेल्या पोरांनाही कॉलेजात इथल्या मुलांइतकीच फी. एरवी तिप्पट. नेरेइदाला चार वर्षांची असताना सीमेपलीकडून आणलं होतं. आता ती अठराची. आई सोकोरो मांसाच्या कारखान्यात राबायची, घर आजी ओतिलिया सांभाळायची.

ओतिलियाचा एकच दंडक. दारावर किंवा फोनवर कुणी कुणाचंही नाव विचारलं, की सांगायचं, "इथं त्या नावाचं कोणी राहत नाही." याच वाक्यानं एकदा तिचा धाकटा मुलगा पकडला जाण्यापासून वाचला होता.

ऑगस्टात एका बाईचा फोन आला. "नेरेइदा आहे का?"

"त्या नावाचं कोणी राहत नाही इथं."

तीनदा फोन, तीनदा तेच उत्तर. "अहो, बातमी चांगली आहे," बाई मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली.

"मग जिची आहे तिला सांगा," म्हणत ओतिलियानं फोन आपटला.

आठवड्यानं कॉलेजचं पत्र आलं. मुलगी त्या पत्त्यावर राहत नसल्याचं घरूनच कळलं, सबब सवलत रद्द. राहत असेल तर घरातल्या मोठ्या माणसानं शुक्रवारपर्यंत येऊन शपथेवर लिहून द्यावं.

"आजी, तूच मला घराबाहेर काढलंस गं," नेरेइदा म्हणाली.

सोकोरो कारखान्यात दुसऱ्याच बाईच्या नावानं कामाला. तिची सही चालणार नव्हती. उरली ओतिलिया, चौदा वर्षांत ती चर्च आणि पिठाचं दुकान यापलीकडे गेली नव्हती. शुक्रवारी तिनं काळी शाल घेतली आणि नेरेइदाबरोबर कॉलेज गाठलं.

आवाज ऐकताच कचेरीच्या खिडकीतली बाई म्हणाली, "तीनदा हाकललंत मला!"

"चौथ्यांदा केला असतास तर चौथ्यांदाही हाकललं असतं, बाई. पण खोटं मी बोलले, पोरगी नाही. माझ्याच कुशीत झोपते ती."

"तुमचं नाव?"

ओतिलियानं नाव सांगितलं, बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावून. गावही सांगितलं. सावकाश सही केली. बाहेर येऊन पायरीवरच बसली. "पोरी, थांब जरा."

त्या सहीमागून कुणी आलं नाही. तरी दोन हजार नऊमध्ये मरेपर्यंत ओतिलिया दारावरच्या थापेला दचकायची. खिडकीतली बाई तिच्या मातीला आली होती. नेरेइदानं पदवी घेतली, पण बिनकागदाची म्हणून कामाचा परवाना मिळायला दोन हजार बारा उजाडलं. तोवर मोटेलातल्या खोल्या झाडल्या. आता गावातल्याच शाळेत शिकवते. सोकोरोची मनगटं कामातून गेली, ती घरी असते. फोन वाजला की अजून आधी विचारते, "कोण पाहिजे?" बहुतेक वेळा पलीकडे नेरेइदाच असते.