मेघनौकेचा कंदील आणि केस कापायची मशीन

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. पण माझ्यात कधी रॉकेल पडले नाही, मला कधी वात लागली नाही आणि माझी काच कधी काजळली नाही. मी आहे नकली. खरा कंदील टीव्हीवरच्या एका मालिकेत होता. ढगांतून चालणारी एक नौका होती आणि तिच्या कप्तानाच्या हातात तो असायचा. धुक्यात वाट हरवली की कप्तान कंदील उंच धरायचा, निळा उजेड पडायचा आणि कंदीलच बोलायचा, "भिऊ नका, वाट सापडली!"

मालिका संपून कितीतरी वर्षे झाल्यावर तिच्या चाहत्यांसाठी माझ्यासारखे थोडे कंदील बनवले गेले. ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे एका बाईने माझ्या पोटात बोटाएवढा गोल सेल बसवला, कडी धरून मला उचलले आणि मी जन्मातले पहिले वाक्य बोललो. ती दिवसभर तेच वाक्य ऐकत होती, तरी हसली. मग तिने माझ्या बुडाच्या झाकणावर एक सोनेरी चकती चिकटवली. तिच्यावर लिहिले होते, 'उघडू नये'. ही चकती पुढे फार भाव खाणार आहे, तेवढी लक्षात ठेवा.

मला घरी नेले ते केस कापणाऱ्या एका माणसाने. घरी म्हणजे दुकानात. लहानपणी हा शेजाऱ्यांच्या खिडकीला नाक लावून ती मालिका बघायचा. मी त्यांना मालक म्हणतो. त्यांच्या दुकानात दोन खुर्च्या, एक लांब आरसा, पाण्याचा फवारा, पावडरीचा डबा आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक फळी होती. लहान मूल आले की ती फळी खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकायची आणि मुलाला वर बसवायचे.

फळीवर बसलेले मूल काय करते, ते तुम्हाला सांगायला नको. कात्री दिसली रे दिसली की तोंड उघडते. नेमके तेव्हा मालक मला उचलायचे. मी आधी गुणगुणायचो, मग निळा व्हायचो, मग म्हणायचो, "भिऊ नका, वाट सापडली!" मुलाचे तोंड उघडे ते उघडेच राहायचे, पण आवाज बंद. तेवढ्यात कानामागचे केस खाली. मालक अभिमानाने सांगायचे, "माझ्या दुकानातून पोर रडत गेलं, असं कोणी दाखवून द्यावं." आणि मला वाटायचे, निम्मी शाबासकी माझी आहे.

आरशाखालच्या टेबलावर माझी शेजारीण होती केस कापायची मशीन. आम्ही दोघे विजेच्या एकाच पट्टीवर चार्ज व्हायचो. ती दिवसभर गुरगुरत राबायची, अंगावर सगळ्या गावाचे केस घेऊन यायची. अधूनमधून तिचा दम उतरायचा. मग मालक शीळ घालत तिचे झाकण उघडायचे, जुना सेल बाहेर, नवा आत, की बाई पुन्हा गुरगुरायला तयार.

एक दिवस दाढी करायला एक नवे गिऱ्हाईक आले. पुढे सगळे त्यांना कपाटकाका म्हणू लागले, कारण त्यांच्या घरी माणसे कमी आणि अशा नकली वस्तूंनी भरलेली कपाटे जास्त होती. माणूस फार सज्जन. तोंडाला फेस लावलेला असतानाच त्यांनी मला पाहिले आणि ते खुर्चीतून उठलेच.

"अहो, हा तुम्ही पोरांच्या हातात देता?"

"हातात नाही देत. दाखवतो," मालक म्हणाले.

"पेटवता ना पण? पेटवलात की त्याच्या आयुष्याचा एकेक घास जातो! आणि एकदा सेल गेला की गेला. चकती फोडून बदललात, तर हा मूळचा राहिला का? काचेत ठेवा, चार्जिंगला लावून ठेवा, आणि हात लावू नका."

मालक घाबरले. ज्याच्यावर जीव असतो त्याच्याविषयी कोणी काही सांगितले, की माणूस आधी घाबरतो आणि मग विचार करतो. दुसऱ्याच आठवड्यात माझ्यासाठी काचेची पेटी आली. आरशावरच्या दिव्यांच्या वर, उंच फळीवर माझी स्थापना झाली. चार्जरची वायर कायमची लागली. तिच्या टोकाला एक हिरवा दिवा होता. मालक रोज दुकान उघडले की मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "हिरवा आहे. म्हणजे ठीक आहे."

मी ठीक नव्हतो, मित्रांनो. खालून दिव्यांची ऊब आणि पोटात कायम गळ्यापर्यंत भरलेला सेल. जेवून उठलेल्या माणसाला कोणी पुन्हा पुन्हा वाढत राहावे, तशी माझी गत झाली होती. सेल वापरला तरी म्हातारा होतो, आणि नुसता भरून ठेवला तर बसल्या जागी म्हातारा होतो. हे हिरव्या दिव्याला कुठून कळणार? खाली पोरे पुन्हा रडू लागली होती. मालक गोळ्या देऊन, तोंडे वेडीवाकडी करून त्यांना कसेबसे हसवून घरी पाठवत. शेजारीण मशीन मात्र नवनवे सेल खाऊन तरुण राहिली होती. खरे सांगतो, मला तिचा हेवा वाटायचा.

अशी काही वर्षे गेली. मग आली ठकी.

रस्त्याच्या पलीकडे मालकांच्या थोरल्या बहिणीचे शिवणाचे दुकान होते. ठकी त्या ताईंच्या लेकीची लेक. तिने जन्मात कोणाला केसांना हात लावू दिला नव्हता. केस डोळ्यांवर आले होते आणि ती दारांवर, खांबांवर आपटत फिरायची. कपाळावर एक टेंगूळ उतरायच्या आत दुसरे यायचे. शेवटी तिच्या आईने तिला उचलून फळीवर बसवले आणि म्हणाली, "मामा, आज कापाच. मला बघवत नाही."

ठकीने कात्री पाहिली आणि श्वास आत घेतला. दुकानातल्या सगळ्यांना कळले, आता काय होणार ते. मालकांनी वर पाहिले आणि पेटी उघडली. "आजच्या दिवस," ते स्वतःशीच पुटपुटले.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी सगळा जीव एकवटला. गुणगुणलो. निळा झालो, निदान राखाडी तरी. आणि बोललो. पण माझा आवाज कुठल्यातरी खोल विहिरीतून ओढून काढल्यासारखा निघाला, "भिऽऽऊऽऽ… नऽऽऽ…" आणि मी विझलो.

ठकीने अशी किंकाळी फोडली की दुसऱ्या खुर्चीतले गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उभे राहिले. अंगावरच्या कापडासकट तिने फळीवरून उडी टाकली आणि थेट रस्त्यापलीकडे, आजीच्या शिवणयंत्राखाली जाऊन बसली. मालकांच्या दुकानातून पोर रडत गेले होते, तेही घरचेच.

ताई आल्या त्या हातात मापाची टेप तशीच घेऊन. "काय रे, माझ्या नातीला काय दाखवलंस? ती म्हणते, मामाआजोबाच्या डब्यात राक्षस आहे!"

"राक्षस कसला, ताई. कंदील आहे. सेल गेला वाटतं." मालकांचा चेहरा एवढासा झाला होता.

"मग बदल की."

"चकती फोडावी लागेल. मग तो मूळचा राहत नाही."

ताईंनी मला उलटे केले, चकती वाचली, आणि टेबलावरच्या मशीनकडे बोट केले. "हिचे किती सेल बदललेस आजवर?"

"हिचे? मोजलेत कोणी!"

"रडलास कधी? मशीन मूळची राहिली नाही म्हणून?"

"ती कामाची वस्तू आहे गं."

"आणि हा? हा तुझा जावई आहे का, वर बसवून ठेवायला?"

अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक आधी हसले. मग ठकीची आई हसली. शेवटी मालकही हसले, पण हात काही पुढे होईना. पलीकडून ठकीच्या रडण्याचा आवाज येतच होता. मालकांनी तिकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि नखाने चकतीची कड उचलली. टर्रकन आवाज झाला. एवढ्यासाठी एवढी वर्षे!

ताईंनी शिवणयंत्राचा छोटा स्क्रूड्रायव्हर दिला. झाकण निघाले. माझा सेल मालकांच्या तळहातावर पडला आणि ते बघतच राहिले. त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि मशीनसाठी आणून ठेवलेला नवा सेल काढून शेजारी धरला. तीच लांबी, तीच जाडी, वर छापलेले आकडेही तेच.

"अगं ताई," ते म्हणाले, "हा तर खणातच होता!"

मित्रांनो, त्या वेळी मशीन शेजारी पडून गप्प होती, पण मला वाटते ती मनात खूप हसली असेल.

नवा सेल आत गेला. मालक मला घेऊन रस्ता ओलांडून गेले आणि शिवणयंत्रासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. कडी उचलली. मी निळा झालो, असा की चिंध्यासुद्धा समुद्रासारख्या दिसू लागल्या. "भिऊ नका, वाट सापडली!"

यंत्राखालून एक डोळा दिसला. दुसरा केसांमागे होता.

"राक्षस गेला?" ठकीने विचारले.

"गेला. त्याचा सेल संपला," मालक म्हणाले.

"कंदिलाला पुन्हा बोलायला लाव."

मग दुकानात फळीवर केस कापून होईपर्यंत मी तिच्या मांडीवर होतो. किती वेळा बोललो ते मलाही सांगता येणार नाही. केस खाली पडले, दोन्ही डोळे बाहेर आले, आणि तिने आरशात स्वतःला पाहून मला म्हटले, "बघ, मी सापडले."

काही दिवसांनी कपाटकाका दाढीला आले. फुटलेली चकती पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. मालकांनी मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी कडी उचलली, मी बोललो, आणि एवढा मोठा माणूस लाजत म्हणाला, "अजून एकदा?" दुसऱ्या दिवशी ते भलीमोठी पिशवी घेऊन आले. तिच्यात एक तलवार होती, एक शिरस्त्राण होते, एक जादूची काठी होती. "यातलं एकही पेटत नाही हो," ते म्हणाले. कोणाचा सेल आमच्या खणात मिळाला, कोणाचा बाजारातून मागवावा लागला. पण त्या आठवड्यात आमचे दुकान जसे झगमगले, तशी कप्तानाची नौकाही कधी झगमगली नसेल. जुने सेल ताईंनी कचऱ्यात टाकू दिले नाहीत. दुकानदार परत घेतो, त्याच्याकडे पाठवले.

आता माझी काच बोटांच्या ठशांनी भरलेली असते. कडीजवळ रंग उडाला आहे. काम नसेल तेव्हा मला अर्धे पोट भरून सावलीत ठेवतात, रात्रंदिवस वायरीला बांधून नाही. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला एवढेच द्या. अधूनमधून खाली उतरवा, पेटवा, आणि त्याचा सेल थकला की हळहळू नका, बदला. सेल म्हणजे आम्ही नव्हे. पोराचे रडे थांबते, ते आम्ही.

परवा एक लहान मुलगा फळीवर बसला आणि त्याने तोंड उघडले. मालकांनी मला उचलायला हात पुढे केला, पण त्याआधीच दारातून ठकी ओरडली, "भिऊ नको, वाट सापडली!" मुलगा हसला. माझे वाक्य गेले, म्हणून मी रागावायला हवे होते. पण मी नुसताच निळा झालो.