अण्णांची शेवटची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझी लाकडी चौकट एका कोपऱ्यात निखळली आहे. माझी गोष्ट मानाची नाही, तरी सांगते.

मला औरंगपुऱ्यातल्या दुकानातून व्यंकटरावांनी आणलं, त्यांच्या मुलासाठी, लक्ष्मणसाठी. घरात त्यांना अण्णा म्हणत, गावाकडचे लोक तात्या. ते तहसील कचेरीत कारकून होते. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि काही दिवसांनी कचेरीचं काम मराठीत होणार असं ठरलं. अण्णा रोज पोथी वाचत, पण वीस वर्षं त्यांनी लिहिलं ते उर्दूतच. आता मराठी लेखनाची परीक्षा देणं भाग होतं. नाही तर नोकरी जाणार होती.

मग ते संध्याकाळी ओट्यावर मला मांडीवर घेऊन बसू लागले. उर्दूच्या सवयीनं पेन्सिल उजव्या कडेला टेकायची.

"अण्णा, इकडून," म्हणत लक्ष्मण त्यांचा हात डावीकडे न्यायचा.

"हात ऐकत नाही रे," अण्णा हसायचे.

मध्येच चितेगावचा कडूबा उर्दू कागद घेऊन यायचा. "तात्या, ह्यात काय लिव्हलंय, सांगा की." अण्णा मला बाजूला ठेवून शब्दन् शब्द मराठीत सांगायचे. दमलेले असले तरी कुणाला परत पाठवत नसत.

एके दिवशी लक्ष्मणचे सोबती ओट्याशी थांबले. "लक्ष्या, तुझे अण्णा कितवीत रे?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "लई हुशार दिसतेत. बिगरीत बसव त्यांना."

लक्ष्मणचे कान लाल झाले. खरं सांगते, मलाही लाज वाटली. मी मुलांची पाटी, या पिकल्या मिशांच्या माणसानं मला का धरावं? त्याच दिवशी लक्ष्मणनं मला माळ्यावर, पितळी घंगाळामागे पालथी घातली. मी मनातून सुखावले.

"पाटी पाहिलीस का रे?" अण्णांनी विचारलं.

"नाही, अण्णा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते शहाबादी फरशीवर ओल्या बोटानं अक्षरं काढू लागले. ओळ पुरी होण्याआधी तिची सुरुवात वाळून जायची. पहिल्या परीक्षेत ते नापास झाले. त्या दिवशी लक्ष्मण जेवला नाही, पण मला खालीही काढलं नाही. दुसऱ्या खेपेला अण्णा पास झाले. पुढे निवृत्तीनंतरही मरेपर्यंत लोकांचे कागद वाचून देत राहिले.

ते गेले तेव्हा कडूबा काठी टेकत आला. "तात्या गेले. आता आमचे कागद कोन बोलते करनार?" एवढंच म्हणाला.

तेराव्यासाठी भांडी काढताना मी लक्ष्मणच्या हाती लागले. तोवर त्याचे केस पांढरे होऊ लागले होते. त्यानं मला उलटवलं. लपवताना त्यानं न वाचलेली अण्णांची ओळ अजून होती, डाव्या कडेपासून, शिकवली होती तशी: 'लक्ष्मण माझा मास्तर आहे.'

तो माळ्याच्या शिडीवरच बसून राहिला. ती ओळ माझ्या अंगावर होती, आणि तरी मी लपण्यात सुख मानलं होतं.

परवा त्याची नात पद्मजा त्याला मोबाइलवर लिहायला शिकवत होती. तिसऱ्यांदा चुकल्यावर ती हसली, "आजोबा, तुम्हाला काही येणार नाही." तो रागावला नाही. त्यानं मला आणून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं वाचलं आणि त्याचं बोट धरून हळूच म्हणाली, "आजोबा, इकडून."

मित्रांनो, मोठं माणूस तुमच्याकडे शिकायला आलं तर त्याला हसू नका. आणि कधी मला हातात घेतलंत तर चौकट खुशाल दुरुस्त करा, पण ओलं फडकं तेवढं माझ्याजवळ आणू नका.