पेटीतला टॅब

“मी स्तोत्रांचं पान उघडते आणि हे ईयोबाचं उघडतात,” फोनवरच्या बाई म्हणाल्या.

“हे म्हणजे कोण?”

“आमचे हे.”

“मग त्यांना देता का जरा फोन?”

“ते उन्हाळ्यात वारले.”

वाटाड्याने हेडफोन नीट केला. बायबल वाचायच्या एका सॉफ्टवेअरच्या मदतकेंद्रात ‘भलतंच वचन उघडतं’ या तक्रारी त्याच्याकडे यायच्या, म्हणून सगळे त्याला वाटाड्या म्हणत. आत काय लिहिलंय ते त्याने कधी वाचलं नव्हतं. पोस्टमन तरी कुठे पत्रं वाचतो.

“काळजी करू नका, मी तांत्रिक विभागातूनच बोलतोय.”

“आमच्यात तांत्रिकाकडे जात नाहीत,” बाई म्हणाल्या, “पण दुसरा इलाज राहिला नाही.”

परवानगी घेऊन त्याने बाईंचा स्क्रीन आपल्यासमोर घेतला. माउसवर हात नाही, असं बाई शपथेवर सांगत होत्या. बाण जागच्या जागी होता. आणि पान सरकलं. सावकाश, कुणीतरी वाचत असल्यासारखं.

वाटाड्याच्या अंगावर काटा आला.

कारण मात्र साधं निघालं. बाईंचे यजमान चर्चचे पाळक होते; त्यांच्या खात्यावर दोन यंत्रं होती, घरचा कॉम्प्युटर आणि एक टॅब, आणि ‘सोबत वाचा’ चालू होतं. एकीकडे पान हललं की दुसरीकडे हलणारच.

“टॅब कुठंय, बाई?”

“पेटीत.”

“म्हणजे कपाटाजवळच्या?”

“म्हणजे त्यांच्याबरोबर, जमिनीत. मुलीनं स्वतः त्यांच्या हातांखाली ठेवला. त्याच दिवशी मी तिला बोलले, तुझ्या काळजीनं गेले हे. तेव्हापासून तिचा फोन नाही.”

कंपनीच्या नियमांत पुरलेल्या यंत्राबद्दल एक ओळ नव्हती. वॉरंटीत पाण्याचा उल्लेख होता, मातीचा नव्हता. “बघून कळवतो,” वाटाड्या म्हणाला.

जेवणानंतर दुसरा फोन आला. तरुण बाईचा आवाज, खातं तेच.

“टॅबवर पानं आपोआप पळतात. पप्पांचा आहे तो. पप्पा नाहीत आता.”

“तो पेटीत आहे ना?” वाटाड्या बोलून गेला.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आमच्याकडे तसं दिसतंय.”

“ठेवला होता मी. झाकण लावायच्या आधी गुपचूप काढला आणि पर्समध्ये टाकला. त्यांचं एवढंच मिळालं हो मला. आता तेच येतात. मी एक उघडते, ते दुसरं उघडतात. रागावलेत माझ्यावर.”

“घरच्या कॉम्प्युटरवर कोणी वाचत असेल.”

“घरी फक्त आई. तिला टीव्ही लावायलाही माणूस लागतो. आणि तिला यातलं काही कळू देऊ नका. आधीच तोंड बघत नाही ती माझं.”

वाटाड्या टीमलीडर ताईंकडे गेला.

“जोडणी तोड, तक्रार बंद कर,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “आणि एकीचं दुसरीला सांगायचं नाही.”

“ताई, दोघी त्यांच्याशी बोलतायत.”

“कुणाशी?”

“जे नाहीत त्यांच्याशी.”

“मग आपण कशाला मध्ये? तोड.”

संध्याकाळी त्याने बाईंना फोन लावला आणि स्क्रीन पुन्हा समोर घेतला. ‘तोडा’चं बटण बोटाखालीच होतं.

“थांबा,” बाई कुजबुजल्या. “हे आलेत.”

पान सरकत सरकत एका गोष्टीवर थांबलं. बाईंनी अडखळत वाचून दाखवली: घर सोडून गेलेला मुलगा, त्याचे झालेले हाल, आणि मग त्याचं स्वतःशी म्हणणं, की उठावं आणि घरी जावं. तिथेच पान अडलं. पुढे जाईना.

“परत यायचं म्हणतायत,” बाईंचा आवाज चिरकला. “असं कसं येतील हो? काय सांगू मी?”

वाटाड्याने बोट उचललं.

“या म्हणा.”

“भीती वाटते.”

“तरी म्हणा.”

बाईंनी बाण हलवला. चुकल्या, मागे आल्या, पुन्हा शोधलं. थकल्याभागल्यांना जवळ बोलावणारी ओळ समोर आणली आणि हात काढून घेतला. पान तिथेच राहिलं. या खेपेला कुणी ते हलवलं नाही. बऱ्याच वेळाने टॅबच्या नावापुढची हिरवी खूण विझली.

“हे गेले,” बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “की निघाले?”

बाईंनी फोन टेबलावर ठेवला. त्यांच्या चपला लांब जाताना ऐकू आल्या, आणि मग दाराची कडी काढल्याचा आवाज.